बसम्मांचं लुगडं आणि वावटळ

आमच्या अप्पांच्या मते माणसाचा फोटो आयुष्यात दोनदाच काढायचा असतो. एकदा लग्न जमवताना आणि एकदा भिंतीवर लावून हार घालताना. मधल्या काळात फोटो काढून घेणारा माणूस एकतर पुढारी असतो नाहीतर रिकामटेकडा. आमच्या घरात पुढारी कुणी नव्हता. रिकामटेकडा मात्र एक होता, आणि तो अप्पांचाच सख्खा धाकटा भाऊ होता. कानडीत धाकट्या काकाला चिक्कप्पा म्हणतात, म्हणून आम्ही त्याला चिक्कप्पा म्हणायचो. आमच्या घरातली अर्धी वाक्यं कानडीत सुरू होऊन मराठीत संपायची. चिक्कप्पा एका कचेरीत कारकून होता, तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढू देत नव्हता. एके दिवशी सकाळी सायकलवर कामाला गेलेला हा माणूस संध्याकाळी चालत घरी आला. गळ्यात चामडी पट्टा, पट्ट्याला एक काळा डबा. "सायकल कुटं हाय?" अप्पांनी विचारलं. "दिली. बदल्यात कॅमेरा घेतला," चिक्कप्पा म्हणाला. अप्पांनी तो डबा खालून-वरून न्याहाळला. मग म्हणाले, "आता हापिसाला काय कॅमेऱ्यावर बसून जाणार?"

सोलापूरच्या सात रस्ता चौकापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आमचं घर होतं. खाली अप्पांचं भुसार मालाचं दुकान, मागं कोठार, वर आम्ही आणि त्याच्यावर गच्ची. दिवसभर खालून पोती पडल्याचा धप्प असा आवाज यायचा आणि प्रत्येक धप्पबरोबर ज्वारीच्या धुळीचा एक लोट जिन्यातून वर चढायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, खलबत्त्यात शेंगा कुटत असायची. तिचा ठोका आणि पोत्यांचा धप्प एका लयीत आले की मला अभ्यास करताना झोप लागायची. गिरणीचा भोंगा झाला की जाग यायची. अशा घरात पहिला रोल घातला गेला तेव्हा सगळ्यांनी ठेवणीतले कपडे काढले. अव्वानं बोरमाळ घातली. अप्पांनी, तत्त्वाला मुरड घालून, नवी टोपी घातली. गच्चीवर ओळीनं उभं राहून आम्ही श्वास धरले. फोटो धुऊन आले तेव्हा त्यात अप्पांची टोपी होती, अव्वाचा भांग होता, माझ्या रिबिनीचं एक टोक होतं. हे सगळं अगदी तळाशी, आणि उरलेल्या अख्ख्या फोटोत एक ढग. "टोपी माझीच हाय," अप्पा फोटो लांब धरून म्हणाले, "बाकी आपल्या घरातलं कोन दिसत न्हाय ह्यात." चिक्कप्पा मात्र आनंदानं नाचायचाच बाकी होता. "अण्णा, पण ढग बघ की! काय ढग हाय!"

अव्वा रुसली, अप्पा खाली दुकानात गेले, आणि तो फोटो माझ्या हातात राहिला. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. सोलापूरचा ढग म्हणजे आमच्या थांब्यावर न थांबणारी एस्टी. तोंड वर करून बघायचं आणि ती पुढं निघून जायची. पडणार नाही त्या ढगाकडं बघायचं कशाला, अशी आमच्याकडची रीत. पण फोटोतल्या ढगाची कड उतू जायच्या बेतात असलेल्या दुधासारखी फुगली होती. त्याच्या पोटात राखाडी सावल्यांच्या घड्या होत्या. मी त्याच ढगाखाली, नवी रिबीन बांधून, श्वास धरून उभी होते आणि मला तो दिसला नव्हता! मी चिक्कप्पाला म्हटलं, "मला बी शिकव." तो म्हणाला, "शिकवायचं काय त्यात. खटका दाबायचा. बघायला शिक आधी."

मग मी बघायला लागले, आणि घरच्यांना वाटलं मला कसला तरी आजार झालाय. भाकरी थापता थापता मी तव्यावरच्या वाफेकडं बघत बसायची आणि भाकरी करपायची. दुपारी कोठाराच्या झरोक्यातून उन्हाचा एक तिरका खांब पडायचा आणि पोतं पडलं की त्या खांबात ज्वारीची धूळ अशी उसळायची, जणू कुणी आत भंडारा उधळलाय. त्यासाठी मी हमालांना तेच पोतं पुन्हा टाकायला सांगितलं. त्यांनी टाकलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पोतं फाटलं आणि मला कोठारात यायची बंदी झाली. रविवारी चिक्कप्पा आणि मी कुंभारीच्या रस्त्यानं चालत निघायचो, सायकल नव्हतीच. उन्हाळ्यात लांबवर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि कडेच्या बाभळी त्या नसलेल्या पाण्यात उलट्या उभ्या असायच्या. आम्ही बांधावर गुडघे टेकून डोळा डब्याला लावला की शेतातून कुणीतरी धावत यायचं. एकदा एका आजोबांनी आम्हांला बळेच खाटेवर बसवून ताक पाजलं आणि मग हळूच विचारलं, "सायेब, रस्ता माज्या वावरातनं न्हाई ना जात?" चिक्कप्पा म्हणाला, "मोजणीवाला न्हाय ओ मी. ढगाचा फोटो काढायलोय." आजोबा विचारात पडले. "ढगाचा? मंग त्यो सरकारला दावा. म्हनावं, असा येतो आन् असा जातो."

फोटो धुवायला द्यायचो ते सात रस्त्याजवळच्या नरसय्यांच्या स्टुडिओत. नरसय्या घरी तेलुगू बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आमचा रोल हातात आला की स्वतःशीच दोन्ही. माणूस नसलेला फोटो ही त्यांना एखादी दुर्घटना वाटायची. हिवाळ्यात एका पहाटे तळ्यावर धुकं आलं होतं, इतकं दाट की काठावरची शेळी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. आम्ही जवळजवळ सगळा रोल त्या धुक्यावर खर्च केला. आणायला गेलो तर नरसय्यांनी एकच फोटो छापला होता. "सगळं पांढरं पांढरं आलं अम्मा," ते दुःखानं म्हणाले, "खराब झालं. शेळी एक बरी आली, ती छापली." आता माझा नातू दिवसाला पन्नास फोटो काढतो, त्यातले चाळीस स्वतःच्या तोंडाचे. मी त्याला ती शेळी दाखवली. तो म्हणाला, "आजी, हिनं फिल्टर लावलाय का?" मी हो म्हटलं.

माझं लग्न जमवायची वेळ आली तेव्हा फोटो हवा होता, तत्त्वात बसणारा. अव्वाचं म्हणणं, नरसय्यांच्या स्टुडिओत पडद्यासमोर काढू. चिक्कप्पा हट्टाला पेटला. घरात कॅमेरा असताना स्टुडिओ कशाला? त्यानं मला गच्चीवर खुर्चीत बसवलं, या खेपेला ढगाकडं बघणार नाही अशी अव्वासमोर शपथ घेतली आणि ती पाळली. खुर्चीकडंच बघितलं, खटका दाबला. पण त्या डब्यात एक फोटो झाला की हातानं रोल पुढं सरकवावा लागायचा, आणि आदल्या संध्याकाळचा फोटो काढल्यावर तो सरकवायचा राहिला होता. एकावर एक दोन फोटो आले. मी खुर्चीत बसलेली, आणि माझ्या पायापासून डोक्यापर्यंत सगळीकडं ढग. पाय दिसत नव्हते. खुर्ची दिसत नव्हती. केसांतून उजेड फुटत होता. अव्वा "अय्यो शिवा" म्हणून मटकन खाली बसली. पण मध्यस्थाला त्याच दुपारी गाडी गाठायची होती, दुसरा फोटो होईपर्यंत तो थांबेना, आणि अप्पा म्हणाले, "तोंड दिसतंय न्हवं? द्या पाठवून."

पंधरवड्यात निरोप आला. अक्कलकोटकडच्या एका बागायतदाराच्या विधवा बायको, बसम्मा, यांनी तो फोटो देव्हाऱ्यासमोर धरून पाहिला म्हणे, आणि पोरगी साक्षात देवीसारखी ढगातून येते आहे, असा त्याचा अर्थ लावला. आम्ही बघायला येतो. ते आले तेव्हा मे महिना होता आणि देवीला घामोळं आलं होतं. बसम्मा उंच, रुंद, आवाज विहिरीतून आल्यासारखा. अंगावर गडद निळं, लाल काठाचं इरकल लुगडं. ते बघितल्याबरोबर अव्वानं स्वतःचा पदर सारखा केला. मुलगा शाळामास्तर, सडपातळ, अतिशय नीटनेटका. तो काही बोलेना. बसम्मा एकट्याच दोघांचं बोलत होत्या. माझ्याकडं नीट निरखून त्या म्हणाल्या, "फोटोत जरा उजळ वाटली हुती." चिक्कप्पा खिडकीतून बाहेर बघायला लागला.

जेवायला अव्वानं हुग्गी केली होती. कुटलेले गहू, गूळ, खसखस, वरून तूप. आमच्यात हुग्गीचा आग्रह हा एक कुस्तीचा प्रकार आहे. अव्वा डाव घेऊन वाकली, बसम्मांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, "साकु, साकु, बास की!" अव्वा म्हणाली, "एवढंच," आणि हात चुकवायला डाव उजवीकडं नेला, बसम्मांनी हातही उजवीकडं नेले, आणि हुग्गीचा अख्खा डाव इरकलवर पडला. पुढची काही मिनिटं घरात कोण काय बोललं ते कुणालाच आठवत नाही. बसम्मांना अव्वाची एक साडी नेसायला दिली, ती त्यांच्या पोटरीपर्यंतच पोचली. मी लुगडं धुतलं आणि गच्चीवर वाळत घातलं. मेच्या दुपारी सोलापूरच्या गच्चीवर कापड वाळायला पानसुपारी होईपर्यंतचा वेळ पुरतो. पानसुपारी झाली. अव्वानं मला लुगडं आणायला वर पाठवलं.

वर हवा अशी थांबली होती की कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. दिशा पिवळट झाल्या होत्या, कावळे गप्प होते. जिन्याच्या वरच्या कोनाड्यात चिक्कप्पाचा कॅमेरा ठेवलेला होता, रोलमधला एक फोटो शिल्लक. मी लुगड्याला हात लावणार तेवढ्यात मागच्या मोकळ्या मैदानातून ती निघाली. आधी बोटभर, कागदाचे दोन कपटे फिरवत, मग माणसाएवढी, मग ताडाएवढी वावटळ, पाचोळा घेत, धूळ घेत, कमरेत वाकत वाकत, सरळ आमच्याच घरावर. कोपऱ्यावरून वळताना तिनं शेजाऱ्यांच्या खाटेवरच्या कुरडया उचलल्या. मग गच्चीवर आली. माझ्या डोळ्यांत माती गेली, वेणी उभी राहिली, आणि लुगडं दोरीवरून सुटलं. ते सरळ वर गेलं. नऊवारी लुगडं हवेत पूर्ण उलगडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नेसताना त्याच्या इतक्या घड्या होतात की त्याची लांबी कुणाला कळतच नाही. ते आभाळात वळसा घेत होतं, लाल काठ पुढं, निळं अंग मागं, आणि भोवती कुरडया पाखरांसारख्या फिरत होत्या. जिन्याच्या तोंडाशी बसम्मा आल्या होत्या, पोटरीपर्यंतच्या साडीत, दोन्ही हात वर करून त्या ओरडत होत्या, "हिडी ग! हिडी, हिडी!" हिडी म्हणजे धर. मी वळले, कोनाड्यातला कॅमेरा घेतला, आणि खटका दाबला.

लुगडं मग गच्ची ओलांडून रस्त्यावर गेलं आणि एका टांग्याच्या घोड्यावर उतरलं. घोड्याला अचानक निळा अंधार झाला. तो उधळला तो सात रस्त्याच्या दिशेनं, मागं टांगा, टांग्यात टोपलं धरून बसलेल्या दोन बाया, त्यांच्यामागं टांगेवाला, त्याच्यामागं धोतर सावरत अप्पा, अप्पांच्या मागं चिक्कप्पा. आणि या सगळ्यांना मागं टाकत, तोवर एक शब्दही न बोललेले मास्तर. ते फार सुंदर पळत होते, हे मला आजही कबूल केलं पाहिजे. अर्ध्या तासानं सगळे परत आले. लुगडं आलं, पण त्याला घोड्याचा वास येत होता आणि काठाला एक चावा होता. बसम्मांनी मला विचारलं, "मी धर म्हनत हुते, आन् तू काय करत हुतीस?"  "धरलं की," मी म्हटलं आणि कॅमेरा पुढं केला.

नकार यायला आठवडाही लागला नाही. अव्वा तीन वेळा रडली, दरवेळी हुग्गीपासून सुरुवात करून. अप्पा ओरडले नाहीत, ते वाईट होतं. त्यांनी कॅमेरा मागून घेतला, दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधून कमरेला खोचली. "झालं तेवढं बास," म्हणाले. मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. लग्न मोडल्याची नव्हे, त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. उद्यापासून सगळं पुन्हा पहिल्यासारखं दिसायला लागेल, ढग म्हणजे न पडणारा पाऊस आणि धूळ म्हणजे झाडायची गोष्ट, याची भीती वाटली. चिक्कप्पानं मात्र कपाट बंद व्हायच्या आधीच रोल काढून खिशात घातला होता. तो नरसय्यांकडून फोटो घेऊन आला तेव्हा कोठाराच्या मागं उभं राहून आम्ही तो बघितला. नरसय्या या वेळी खूश होते, म्हणे, एकदाचा माणूस आला. वावटळ किंचित तिरकी उभी होती. तिच्या डोक्यावर लुगडं पसरलं होतं. आणि खाली कोपऱ्यात बसम्मा होत्या. मला त्या दिवशी त्या संतापानं ओरडताहेत असं वाटलं होतं. फोटोत त्यांचं तोंड उघडं होतं, हात वर होते, टाचा उचललेल्या होत्या, आणि त्या हसत होत्या. पतंगामागं धावणारी पोरगी हसते तशा.

चिक्कप्पानं मला न विचारता त्याची एक प्रत अक्कलकोटकडं पाठवून दिली. पावसाळ्याच्या सुमाराला एका दुपारी खाली दुकानात विहिरीतल्यासारखा आवाज घुमला. अप्पा पोत्यांमागं जाण्याच्या विचारात होते, पण तोवर बसम्मा जिना चढून वर आल्या होत्या, एकट्याच, त्याच इरकलमध्ये, चावलेला काठ मुद्दाम वर ठेवून. अव्वानं पाणी दिलं, गोड काही द्यायचं धाडस केलं नाही. बसम्मांनी पिशवीतून फोटो काढला आणि अप्पांसमोर धरला. "हे कोन हाय?" अप्पा चाचरत म्हणाले, "तुमीच की." "व्हय. मीच हाय," बसम्मा म्हणाल्या. "मालक गेल्यापास्नं आठ वर्सांत मला कुनी हसताना बघितलं न्हाय. मीबी न्हाय. ह्यात हसायलेय बघा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् नकार माजा नव्हता. पोरगं न्हाय म्हनालं. मला म्हनालं, अव्वा, उद्या मी हिरीत पडलो तर ही आदी फोटो काढंल, मंग दोर टाकंल."  सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी प्रामाणिकपणे विचार केला. विहिरीवर उजेड कसा पडला असेल यावर ते अवलंबून होतं. माझं तोंड बघून चिक्कप्पाला हसू फुटलं, मग बसम्मांना, मग अव्वाला, आणि सगळ्यांत शेवटी, कमरेची किल्ली चाचपत, अप्पांना.

त्या हिवाळ्यात बसम्मांनी आम्हांला हुरड्याला बोलावलं, आणि निघताना अप्पांनी कपाट उघडून कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. मास्तरांचं लग्न दुसरीकडं ठरलं होतं, ते मला बघून जरा लांबून नमस्कार करायचे, विहिरीपासून तर फारच लांबून. पहाटे बसम्मांनी मला हलवून उठवलं. "चल, तुज्या कामाचं हाय." बाहेर धुकं होतं. ज्वारीची कणसं धुक्यावर नुसती डोकी काढून उभी होती आणि ताटा-ताटांमध्ये कोळ्यांनी विणलेल्या जाळ्यांना दव लागलं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण उजेड पुरेना. डब्याला भरपूर उजेड लागायचा. "थांबावं लागंल," मी म्हटलं, आणि मनात धरून चालले की आता त्या म्हणतील, थांबायला वेळ कुणाला आहे. त्या बांधावर फतकल मारून बसल्या. "मी मदी येते का?" "येता जरा." त्या सरकल्या. "आता?" "अजून थोडं." त्या अजून सरकल्या आणि घोंगडीचं एक टोक माझ्या अंगावर टाकलं.  कुठं मोट नव्हती, इंजिन नव्हतं, फक्त दव पानावरून पानावर पडल्याचा टप टप आवाज. माझ्या आयुष्यात तोवर कुणी मोठं माणूस माझ्याबरोबर असं नुसतं उजेडाची वाट बघत बसलं नव्हतं. घोंगडीच्या उबेत माझे डोळे मिटायला लागले. आणि धुक्याच्या मागून पहिली तांबूस तिरीप आली, एकेक जाळं पेटत गेलं, तेव्हा मला कोपरानं ढोसलं ते बसम्मांनी.